कपाटाची किल्ली कुणाकडे?

पत्र (थोडं आटोपशीर करून)

बाई, नमस्कार. माजलगाव तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी दोन वर्षांपासून मुख्याध्यापक आहे. पाचवी ते दहावी, पट 460. चार कपाटांत मिळून 1,900 पुस्तकं आहेत. ग्रंथपाल निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही, किल्ल्या माझ्याकडे असतात. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आम्ही जोरात करतो. ग्रंथदिंडी काढतो, मुलांना ओळीनं बसवून हातात पुस्तकं देतो, फोटो वर पाठवतो. 16 तारखेला कपाटं पुन्हा बंद. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवलं. नववीतल्या एका मुलीनं 41 पुस्तकांचे सारांश लिहून आणले आणि पहिला नंबर काढला. बक्षीस देताना मी विचारलं, यातलं तुला आवडलेलं पुस्तक कोणतं? ती खाली मान घालून उभी राहिली. एकाही पुस्तकाचं नाव तिला घेता आलं नाही. तेव्हापासून मला चैन नाही. पालक म्हणतात, अवांतर नको, दहावीचं बघा. शिक्षक म्हणतात, तासिका कुठून आणायची? दसऱ्यानंतर जवळपास पाव भाग मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यातली बरीच मुलं सोबत जातात. उरलेल्यांच्या हातात मोबाईल. मुख्याध्यापक म्हणून मी नेमकं काय केलं, तर ही मुलं शाळा सुटल्यावरही वाचत राहतील?

उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली ती खाली मान घातलेली मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिच्याकडे शेवटी येते. आधी किल्लीबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच त्या ओळीत लिहून पाठवलंय.

मी हिंगोली जिल्ह्यात मुख्याध्यापक असताना काचेच्या दाराचं एक सुंदर कपाट करून घेतलं होतं. पुस्तकांना खाकी कव्हरं, पाठीवर नंबर, सगळं टापटीप. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात कौतुकाचे दोन शब्द लिहिले आणि मी सुखावले. वर्षअखेरीला देवघेव रजिस्टर उघडलं, तर साऱ्या वर्षाच्या 23 नोंदी, त्यातल्या 14 शिक्षकांच्या. साडेतीनशे मुलांच्या शाळेत फक्त नऊ वेळा पुस्तक मुलाच्या हाती गेलं होतं. काचेतून पुस्तकं दिसत होती म्हणून मला वाटत राहिलं की शाळेत ग्रंथालय आहे. त्या रजिस्टरची आठवण झाली की आजही मला वाईट वाटतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन हे आधी गणिताचे शिक्षक होते. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिला अगदी साधा आहे: पुस्तकं वापरासाठी आहेत. आपण सगळे हे मान्य करतो आणि कपाटाला कुलूप घालतो, कारण आपल्याला भीती असते. पुस्तक हरवलं तर? लेखापरीक्षणात निघालं तर? वसुली कुणाकडून? ही भीती खोटी नाही, मीही तिच्यासोबत वर्षं काढली आहेत. पण केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक तरतूद आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी धरावं, असं तिथं म्हटलंय. नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, तुमच्या संस्थेला तो थेट लागू होत नाही. पण पुस्तक वापरलं की काही हरवणारच हे सरकारनंही गृहीत धरलंय, एवढं त्यातून कळतं. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय स्वतः मांडा. हरवलेल्या, फाटलेल्या पुस्तकांचं दरवर्षी रीतसर निर्लेखन होईल, म्हणजे ती नोंदवहीतून कमी केली जातील, आणि शिक्षकाच्या खिशातून वसुली होणार नाही, असा ठराव लिहून घ्या. हे काम मुख्याध्यापकाशिवाय कुणी करू शकत नाही. हा ठराव होत नाही तोवर तुमचा कितीही उत्साही शिक्षक मुलाच्या हातात पुस्तक देताना मनातून कचरणार.

मग कपाटं रिकामी करा. प्रत्येक वर्गासाठी एक पत्र्याची पेटी घ्या. गावातल्या घराघरांत अशा पेट्या पडून असतात, पालकांना मागितल्या तर मिळतात. पेटीत चाळीस-पन्नास पुस्तकं, वरती दोरी बांधलेली एक वही. नाव, पुस्तक, तारीख, एवढंच मुलांनी मुलांसाठी लिहायचं. दोन मुलं आणि दोन मुली पेटी सांभाळतील. महिना झाला की नववी अ ची पेटी नववी ब मध्ये. खाकी कव्हरं मात्र सगळी काढून टाका. मुखपृष्ठ झाकलेलं पुस्तक चौदा वर्षांच्या मुलाला हाक मारत नाही.

आता वेळ. तासिका कुठून आणायची, हा तुमच्या शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. मी नवी तासिका आणली नाही. आठ तासिकांतून दोन-दोन मिनिटं काढली, सोळा झाली. परिपाठातून चार मिनिटं घेतली. अशी रोजची वीस मिनिटं मधल्या सुट्टीनंतर लगेच ठेवली, कारण त्या वेळी मुलं पाणी पिऊन, हुंदडून आलेली असतात आणि पाच मिनिटांत शांत होतात. नियम दोनच होते. प्रत्येकानं स्वतः निवडलेलं काहीही वाचायचं, गाईड आणि स्वाध्याय सोडून. आणि नंतर कुणी कुणाला काहीही विचारायचं नाही. सारांश नाही, बोध काय मिळाला नाही, आवडलेलं पात्र नाही. पुस्तक आवडलं नाही तर दहाव्या पानावर मिटून दुसरं घ्यायची मुभा. आपण मोठी माणसं अर्धवट सोडलेली पुस्तकं मोजत नाही, मग मुलांना ती सक्ती का?

या वीस मिनिटांत शिक्षक वह्या तपासणार नाहीत, ऑनलाइन माहिती भरणार नाहीत, तेही वाचतील. लिपिक आणि शिपाईही. आणि सगळ्यात आधी तुम्ही. रोज वेगळ्या वर्गात, मागच्या बाकावर, मुलाशेजारी बसून वाचा. सर, तुमच्या पत्रात दिंडी आहे, बक्षीस आहे, फोटो आहेत, पण तुम्ही स्वतः काय वाचता याची एकही ओळ नाही. रागावू नका. आपल्या बहुतेक मुलांनी मोठं माणूस स्वतःच्या आनंदासाठी वाचताना कधी पाहिलेलंच नसतं. घरी आई-बाप दिवसभर रानात. शाळेत आम्ही वाचतो ते शिकवण्यासाठी. मुख्याध्यापक खुर्ची सोडून बाकावर पुस्तकात डोकं घालून बसलाय, मधेच स्वतःशी हसतोय, ही गोष्ट मुलं घरी जाऊन सांगतात. आठवडाभरात माझ्या मुलांनी माझं पुस्तक कुठवर आलं याची चौकशी सुरू केली होती.

सगळे शिक्षक पहिल्या दिवशी सोबत येणार नाहीत. त्यांच्यामागे मतदारयाद्यांचं (बीएलओचं) काम, सर्वेक्षणं, रोज नवीन लिंक. जे दोघं-तिघं येतील त्यांच्यासोबत सुरू करा आणि बाकीच्यांना नोटीस काढू नका.

एक मुलगा सांगते. नववीत होता, वडील भाड्यानं ट्रॅक्टर चालवायचे. वाचनाच्या वेळेत तो रोज नुसती पानं उलटायचा. एक दिवस त्याच्या वर्गशिक्षिका त्याला माझ्याकडे घेऊन आल्या. ट्रॅक्टरसोबत येणारी माहितीपुस्तिका दप्तरात लपवून आणली होती आणि तीच वाचत होता. पुस्तिकेच्या कडा डिझेलनं काळ्या झालेल्या. तो म्हणाला, "बाई, हे वाचलं तर चालत नाही का?" मी त्याला तिथंच बसवलं आणि म्हटलं, मला वाचून दाखव. ‘हायड्रॉलिक’ हा शब्द त्यानं बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत काढला. मग बोट वर करून मला सांगू लागला की तेल कमी झालं की नांगर का उचलत नाही. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण त्या दहा मिनिटांत तो माझा शिक्षक होता. त्यानंतर आम्ही पेटीत इंजिनांची, शेतीची, क्रिकेटची, सापांची, तारे-ग्रहांची पुस्तकं घातली, जुनी कृषी मासिकं घातली. तो मुलगा पुढं कादंबऱ्या वाचू लागला असं मी म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. पण परवा त्याच्या गॅरेजात गेले होते. टेबलावर तीन मासिकं होती, चाळून मऊ पडलेली.

म्हणून खरेदीची यादी तुम्ही एकट्यानं करू नका. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून ग्रंथोत्सव भरतो, तिथं आठवी-नववीची सहा मुलं घेऊन जा. त्यात दोन तरी अशी असावीत, ज्यांना वाचायला आवडत नाही. त्यांच्या हातात ठरावीक रक्कम द्या आणि बाजूला उभे राहा. भुताची पुस्तकं घेतील, विनोदाची घेतील, पोलीस भरतीचंही एखादं उचलतील. घेऊ द्या. थोरांची चरित्रं तुमच्या कपाटात आधीच भरपूर असणार, कारण देणगीत तीच येतात. गेल्या पंधरवड्यात मुलांनी काय नेलं, ती वही उघडली की पुढच्या खरेदीची यादी आपोआप मिळते.

यातला अवघड भाग आता लिहिते. तुमच्या नववीत काही मुलं अशी असतील, ज्यांना सलग वाचताच येत नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2023 च्या अहवालात 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी होती, 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत. सुमारे पाव मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नाही. ही मुलं वर्गात फार हुशारीनं लपतात. मागं बसतात, डोकं दुखतं म्हणतात, मस्ती करून बाहेर काढून घेतात. त्यांना सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, एकदाही नाही. त्या वयात झालेला तो अपमान माणूस चाळीस वर्षं विसरत नाही. त्यापेक्षा त्यांना काम द्या. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिली-दुसरीच्या पोरांना दर शनिवारी गोष्ट वाचून दाखवायची. त्यासाठी आठवडाभर त्या सोप्या, चित्रांच्या पुस्तकाचा सराव करावाच लागतो. मिशा फुटू लागलेला मुलगा पहिलीचं पुस्तक घेऊन बसला तरी त्याला कुणी हसत नाही, कारण तो दादा म्हणून वाचायला जाणार असतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक याच उपायानं पडला.

आणि मोठ्यानं वाचून दाखवा. दहावीपर्यंत. आपल्या मराठवाड्यात हे कुणाला नव्यानं शिकवायची गरज नाही. श्रावण लागला की आमच्या गावात मारुतीच्या पारावर पोथी लावायचे. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि दिवसभर खुरपून आलेल्या बाया, गडी, आम्ही पोरं गोणपाटावर बसून ऐकायचो. माझ्या आजीला अक्षर ओळख नव्हती. पण अध्याय नेमका ऐन रंगात येऊन संपायचा आणि घरी परतताना ती पुढं काय होणार यावर शेजारणीशी वाद घालायची. दुसऱ्या दिवशी पाऊस असला तरी डोक्यावर घोंगडं घेऊन पारावर हजर. ज्या मुलांच्या घरी एकही पुस्तक नाही असं आपण म्हणतो, त्यांच्या घरी हे ऐकणं दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत होतं, कित्येक गावांत अजून आहे. म्हणून भाषेच्या शिक्षकांना आठवड्यातून दोनदा, तास संपायच्या आधी दहा मिनिटं, एखादी चांगली कादंबरी वाचून दाखवायला सांगा. गोष्ट रंगात आली की थांबायचं, पुस्तक टेबलावर तसंच ठेवायचं आणि वर्गाबाहेर पडायचं. पुढं काय होतं ते तुम्ही दाराआडून बघा.

बक्षिसाबद्दल स्पष्ट लिहिते: बंद करा. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो 1973 साली प्रसिद्ध झाला. चित्र काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर छान प्रमाणपत्र मिळेल, आणि ते दिलंही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर ही मुलं बक्षिसाची बोलणी न झालेल्या मुलांच्या निम्मा वेळच चित्रांत रमत होती. मुलं लहान होती, विषय चित्रांचा होता, हे खरं. पण 41 सारांश लिहून गप्प उभी राहिलेली तुमची विद्यार्थिनी मला त्याच रांगेतली वाटते. तिनं काही चोरी केली नाही. तुम्ही पुस्तकं मोजायला सांगितली, तिनं पुस्तकं मोजून दिली. बक्षिसाचे पैसे पेटीत घाला.

पालकांचं म्हणणं मात्र हलक्यात घेऊ नका. आपला भाग लातूर पॅटर्नच्या सावलीत वाढलेला आहे. एकेका मार्कासाठी जमीन गहाण टाकणारे बाप मी पाहिलेत. अशाच एका बापानं मला विचारलं होतं, "बाई, पोरगी गोष्टी वाचायलीय, मग दहावीचं कधी वाचणार?" त्यांना सांगायला एक गोष्ट जवळ ठेवा. 2000 साली 15 वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. त्यात भारत नव्हता. ज्यांच्या आईवडिलांचे व्यवसाय सगळ्यात खालच्या गटातले, पण जी मुलं आवडीनं, तऱ्हेतऱ्हेचं वाचत होती, त्यांना वाचनात वरच्या गटातल्या पण वाचनाकडे पाठ फिरवलेल्या मुलांपेक्षा जास्त गुण मिळाले. आवड आहे म्हणून वाचता येतं की वाचता येतं म्हणून आवड, ही गाठ त्या आकड्यांनी पूर्ण सुटत नाही. पण गरिबाच्या पोराला ही वाट मोकळी आहे, एवढं बापाला कळलं तरी पुरे. आणि पालकसभेत हे भाषणात सांगू नका. एखाद्या मुलीला आईशेजारी बसवून तिच्या आवडीचं पान वाचायला लावा. आईचा चेहरा बाकीचं काम करतो.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. मुलगा संध्याकाळी पारावर, मैदानात, तालुक्याच्या अभ्यासिकेत जाऊ शकतो. मुलगी घरी जाते ती पाणी, भाकरी, धाकटं भावंड यांच्याकडे. तिच्या दिवसात स्वतःची अशी जागा शाळेतली ती वीस मिनिटंच असतात. म्हणून परीक्षा जवळ आली, स्नेहसंमेलनाची तालीम आहे, अशा कारणानं ती वीस मिनिटं कापू नका. पेटीतल्या पुस्तकांत दप्तरात सहज मावणारी, चुलीपुढं एका हातात धरता येतील अशी पातळ पुस्तकंही ठेवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांना पुस्तकांशिवाय पाठवू नका. कोयता, म्हणजे तोडणी करणारं जोडपं, उचल (आगाऊ पैसे) घेऊन निघायच्या आठवड्यात त्या प्रत्येक मुलाला कापडी पिशवीत चार पुस्तकं द्या, गुढीपाडव्यानंतर परत आणायच्या बोलीवर. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, दिवा नसतो, हे मला माहीत आहे. पहाटे तीनला आई-बाप फडात गेले की मागं लहानग्यांना सांभाळत बसलेलं मूल दिवसा वाचतं, धाकट्याला वाचून दाखवतं. आमची काही पुस्तकं उसाच्या पाचटासकट परत आली, काही आलीच नाहीत. एक मुलगी मात्र चारची पाच घेऊन आली होती. कारखान्यावरच्या साखरशाळेतल्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या मुलांच्या शाळेतल्या, बाईंनी तिला एक दिलं होतं. जी मुलं हंगामी वसतिगृहात मागं राहतात त्यांच्यासाठी एक पेटी कायमची तिकडेच ठेवा. संध्याकाळी त्यांना घरची आठवण येते, ती वेळ फार कठीण असते.

मोबाईलशी भांडण्यात शक्ती घालवू नका. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. मराठी विश्वकोशही फुकट आहे. वर्गाच्या गटावर एखाद्या शिक्षकानं दहा मिनिटांचं वाचन आवाजात टाकलं, तर ते माजलगावातही ऐकलं जातं आणि सांगलीच्या फडातही.

आता तुमच्या प्रश्नातला शेवटचा तुकडा, ‘शाळा सुटल्यावरही’. आपण दहावीच्या मुलांना हॉल तिकीट देताना काय करतो? ग्रंथालयाचं येणं नाही, असा दाखला मागतो. पुस्तक जमा केल्याशिवाय हॉल तिकीट नाही. शाळेनं त्या मुलाला वाचनाबद्दल सांगितलेलं हे शेवटचं वाक्य असतं. हे उलटं करून बघा. जमा करून घ्यायचं ते घ्या आणि हॉल तिकिटासोबत त्याच्या आवडीची दोन पुस्तकं हातात द्या, निकालाच्या दिवशी परत आणायला. परीक्षा आणि निकाल यांच्यामधले दोन-अडीच महिने हा त्या मुलांच्या आयुष्यातला सगळ्यात मोकळा वेळ असतो आणि नेमका तेव्हाच आपण त्यांचा पुस्तकाशी संबंध तोडतो.

त्याच सुट्टीत त्यांना सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ पासून ड वर्गापर्यंतची अनुदानित वाचनालयं आपल्या तालुक्यांत, मोठ्या गावांत आहेत. काही जिवंत आहेत, काही नुसत्या पाटीपुरती, आणि बरीचशी आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका झाली आहेत. तरी आत जा. मुलांना ग्रंथपालाच्या समोर उभं करा, नावं सांगा, पहिल्या वर्षाची वर्गणी माजी विद्यार्थ्यांकडून भरून घ्या. निरोप समारंभातल्या फ्लेक्सचा आणि शाल-श्रीफळाचा खर्च तिकडं वळवला तरी बऱ्याच मुलांची वर्गणी निघते. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून असताना इथल्या लोकांनी पदरमोड करून मराठी वाचनालयं चालवली, 1943 साली मराठवाडा साहित्य परिषद उभी केली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला शिक्षकच होते. तुमच्या शाळेपासून अंबाजोगाई फार लांब नाही. दहावीच्या मुलांची सहल एकदा तिकडं काढा आणि वाटेत हे सांगा.

15 ऑक्टोबरचा कार्यक्रम सोडू नका, दिंडी मुलांना आवडते. फक्त त्या दिवशीही ती वीस मिनिटं तशीच ठेवा, फोटोशिवाय.

सगळं एकदम होणार नाही. या आठवड्यात एक पेटी नववीला द्या आणि सोमवारी मधल्या सुट्टीनंतर तुमचं पुस्तक घेऊन तिथं मागच्या बाकावर बसा. त्या मुलीला पुन्हा ‘आवडलेलं कोणतं’ असं विचारू नका, तो प्रश्न तिच्यासाठी परीक्षा होऊन बसलाय. चार-पाच दिवस नुसते शेजारी वाचत राहा. मग एखाद्या दिवशी तुम्ही स्वतः कंटाळून अर्धवट सोडलेलं पुस्तक तिला दाखवा, का सोडलं ते सांगा, आणि विचारा, त्या 41 मधलं तुला सगळ्यात कंटाळवाणं कोणतं वाटलं गं? ती बोलेल असं मला वाटतं. काय म्हणाली ते मला नक्की कळवा.